हातातलं रक्त आणि हृदयातली गुठळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. 44 वर्षांच्या धाकट्या भावाला पहाटे चारला छातीत दुखू लागलं. ॲसिडिटी समजून घरात वेळ गेला, साडेनऊला रुग्णालय गाठलं. अँजिओग्राफीत उजवी रक्तवाहिनी पूर्ण बंद आणि फुगीर, रिपोर्टवर 'लार्ज थ्रोम्बस बर्डन, ग्रेड 5', म्हणजे गुठळीचा मोठा भार. डॉक्टरांनी गुठळी ओढून काढली, रक्त पातळ ठेवणारी ड्रिप चालू ठेवली आणि स्टेंट दोन दिवसांनी घातला. फाइलमध्ये डी-डायमर वाढलेलं आहे आणि न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट (दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशी) गुणोत्तर 9. मोठ्या भावाला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. एवढी मोठी गुठळी होणार हे रक्तावरून आधी कळलं नसतं का? आणि आता मी स्वतः या तपासण्या करून घेऊ का?

पहिल्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. नाही, कळलं नसतं. आणि त्या सकाळी कळलं असतं, तरी आम्ही फारसं वेगळं काही केलं नसतं. हे तुटक वाटेल, म्हणून कारणं सविस्तर सांगतो. वीसेक वर्षं कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, शिशाचा एप्रन घालून उभा राहिलो आहे, आणि 'आधी कळलं असतं तर' हे वाक्य बाहेरच्या बाकावर बसलेल्या जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकलं आहे.

हार्ट अटॅकमध्ये गुठळी हे कारण असतं की परिणाम, यावरच 1970च्या दशकात वाद होता. 1980 साली अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात डीवुड आणि सहकाऱ्यांनी अटॅक चालू असतानाच अँजिओग्राफी करण्याचं धाडस केलं. दुखणं सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत तपासलेल्या 126 रुग्णांपैकी 110 जणांची रक्तवाहिनी पूर्ण बंद होती. बारा ते चोवीस तासांनी तपासलेल्यांत हे प्रमाण बरंच कमी निघालं, म्हणजे शरीर स्वतःही काही गुठळ्या विरघळवत होतं. आज आपण जे काही करतो, इंजेक्शन असो वा बलून, त्याचा पाया तिथे घातला गेला.

'ग्रेड 5'बद्दलचा एक गैरसमज आधी काढतो. अँजिओच्या चित्रावर गुठळीला 0 ते 5 असे गुण देतात. 0 म्हणजे गुठळी दिसत नाही, 4 म्हणजे तिची लांबी वाहिनीच्या व्यासाच्या दुप्पट किंवा जास्त, आणि 5 म्हणजे वाहिनी पूर्ण बंद. पण पूर्ण बंद वाहिनीत डाय (वाहिनी एक्स-रेत दिसावी म्हणून सोडलेलं द्रव्य) पुढे जातच नाही, त्यामुळे पलीकडे गुठळी इवलीशी आहे की बोटभर, हे दिसत नाही. बंद दारावरून आत किती माणसं आहेत ते सांगण्यासारखंच हे आहे. म्हणून बारीक वायर पलीकडे गेली, थोडा प्रवाह सुरू झाला, की पुन्हा मोजायचं, अशी सुधारणा 2007 साली सियानोस आणि सहकाऱ्यांनी सुचवली. तेव्हा नुसत्या 5 या आकड्याने घाबरू नका. तुमच्या भावाच्या बाबतीत मात्र गुठळी खरोखरच मोठी होती, कारण ती ओढून काढावी लागली आणि तरी स्टेंट लगेच घालता आला नाही.

आता रक्ताच्या तपासणीकडे येऊ. एक साधा हिशेब करून बघा. तीन मिलिमीटर रुंद वाहिनीत एक सेंटिमीटर लांबीची गुठळी धरा. तिचं आकारमान येतं साधारण 70 घन मिलिमीटर, म्हणजे 0.07 मिलिलिटर, एखाद-दुसरा थेंब. शरीरात रक्त आहे सुमारे पाच लिटर. म्हणजे गुठळीच्या सत्तर हजार पट रक्तातून आपण हाताच्या शिरेतून पाच मिलिलिटर काढतो आणि त्या थेंबाची लांबीरुंदी विचारतो. त्यातही वाहिनी पूर्ण बंद असेल तर गुठळीच्या अंगावरून रक्त वाहतच नाही. तिच्यातून सुटणारे पदार्थ बाहेर येणार कुठून? जिथे गुठळी सर्वांत मोठी, तिथेच तिचा मागमूस रक्तात उतरायला सर्वांत कमी वाट असते. हा विरोधाभास लक्षात ठेवलात तर पुढचं सगळं सोपं जाईल.

दुसरी गोष्ट जुनी आहे. रक्त का गोठतं याची तीन कारणं जर्मन डॉक्टर फिरखोने 1856 सालीच मांडली असं आम्हाला शिकवतात: वाहिनीची भिंत बिघडणं, प्रवाह मंदावणं, आणि रक्ताचा स्वतःचा स्वभाव. रक्ततपासणी यातल्या तिसऱ्याबद्दलच बोलते. तुमच्या भावाच्या फाइलमध्ये पहिली दोन कारणं ठळक लिहिलेली आहेत. भिंतीवरचा चरबीचा थर फाटला, आणि वाहिनी मुळात फुगीर असल्याने तिथे रक्त आधीच रेंगाळत होतं. फुगीर उजवी वाहिनी म्हटलं की आम्ही सीबीसी बघण्याआधीच मोठ्या गुठळीची तयारी ठेवतो. ओढ्याला डोह असला की गाळ तिथेच साचतो.

डी-डायमर हे नाव कोविडनंतर महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचलं. 2021 च्या उन्हाळ्यात लोक भाजीच्या भावासारखे एकमेकांना डी-डायमरचे आकडे विचारत होते. तर हे नेमकं काय मोजतं? गुठळीचा सांगाडा फायब्रिनच्या धाग्यांचा असतो. शरीरातलं प्लाझ्मिन हे धागे कापतं, तेव्हा जे तुकडे पडतात त्यांपैकी एक म्हणजे डी-डायमर. म्हणजे तो गुठळीचा नव्हे, गुठळी मोडल्याचा पुरावा आहे. मांडवाचा आकार मांडव उतरवल्यावर पडलेल्या दोऱ्यांवरून ठरवण्यासारखं झालं. मोठी आणि घट्ट गुठळी, जी मोडतच नाही, ती कमी डी-डायमर देऊ शकते. उलट न्यूमोनिया, कर्करोग, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, किंवा नुसतं वाढतं वय, यांतलं काहीही त्याला वर नेतं.

तरीही अनेक अभ्यासांत डी-डायमर जास्त असलेल्या रुग्णांत गुठळी मोठी आणि पुढची वाटचाल खडतर आढळली आहे, हे खरं. ते मी नाकारत नाही. समूह म्हणून संबंध आहे, पण एका माणसासमोर उभं राहून निर्णय घ्यायला तो पुरत नाही. भावाचा आकडा वाचताना दोन गोष्टी जरूर विचारा. नमुना कधी घेतला? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी दिलं असेल तर डी-डायमर वाढणारच, कारण तेच इंजेक्शनचं काम. आणि एकक कोणतं? काही प्रयोगशाळा 'एफईयू' देतात, काही 'डीडीयू', आणि पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट असतो. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून 'दुप्पट झालं हो' म्हणत धावत आलेले लोक मी पाहिले आहेत. झालेलं काहीच नसतं.

छातीत दुखणाऱ्या माणसात मला डी-डायमर खरोखर उपयोगी पडतो तो वेगळ्याच कारणासाठी. ईसीजी अटॅकसारखा स्पष्ट नाही, पण आकडा भलताच वर आहे, तेव्हा मनात फुप्फुसातली गुठळी किंवा महाधमनीची भिंत चिरणं येतं. ही दोन्ही दुखणी हार्ट अटॅकचं सोंग घेतात, आणि दुसऱ्यात रक्त पातळ करणं जिवावर बेतू शकतं.

न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर, म्हणजे एनएलआर, हे गेल्या दीड दशकातलं लाडकं बाळ आहे. कारण उघड आहे, ते फुकट मिळतं. साध्या सीबीसीत दोन्ही आकडे असतातच, भागाकार केला की झाला शोधनिबंध. प्लेटलेट-लिम्फोसाइट गुणोत्तर, फायब्रिनोजेन-अल्ब्युमिन गुणोत्तर, सीआरपी-अल्ब्युमिन गुणोत्तर, तीन पेशींना एकत्र गुंफणारा 'एसआयआय' ही त्याचीच भावंडं. तुर्कस्तानातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी या विषयावर इतकं लिहिलं आहे की आमच्या जर्नल क्लबमध्ये तो एक ठरलेला विनोद आहे. बरेचसे अभ्यास एकाच रुग्णालयातले आणि जुन्या फायली उघडून केलेले.

यामागचं जीवशास्त्र मात्र पोकळ नाही. न्यूट्रोफिल ही पेशी नुसती जंतू खात नाही, ती स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकते. 2004 साली ही जाळी पहिल्यांदा वर्णिली गेली, ती जंतू पकडण्यासाठी म्हणून. पुढे दिसलं की प्लेटलेट आणि फायब्रिन याच जाळ्यात अडकून गुठळी पक्की होते. व्हिएन्नातल्या संशोधकांनी 2015 मध्ये रुग्णांच्या बंद वाहिनीतून काढलेल्या गुठळ्या तपासल्या. जितकी ही जाळी जास्त, तितका हृदयाचा मेलेला भाग मोठा, आणि डीएनए कापणारं डीएनेझ हे विकर जितकं सक्रिय, तितका तो लहान, असं त्यांना आढळलं. मला हे काम फार आवडतं, कारण त्यांनी हातातल्या रक्तावर न थांबता गुन्ह्याच्या जागेवरचं रक्त बघितलं.

पण भावाच्या फाइलमधला 9 हा आकडा तेवढं सांगत नाही. छातीत कळ उठली की ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसोल वाढतात. काही तासांत न्यूट्रोफिल वर जातात, लिम्फोसाइट खाली येतात. म्हणजे जो साडेपाच तासांनी आला त्याचं गुणोत्तर एक तासात आलेल्यापेक्षा जास्त असण्याची शक्यता आहेच, आणि उशिरा आलेल्याची गुठळीही जुनी आणि चिवट. मग संबंध कोणाचा कोणाशी, गुणोत्तराचा गुठळीशी की दोघांचा घड्याळाशी? त्यात मधुमेह, सिगारेट, कुठलासा संसर्ग, दम्यासाठी घेतलेलं स्टेरॉइड, सगळे आपापली भर घालतात.

समजा अशी चाचणी 70 टक्के मोठ्या गुठळ्या पकडते आणि 65 टक्के लहान गुठळ्यांना बरोबर 'लहान' म्हणते. हे आकडे कुठल्याही एका अभ्यासाचे नाहीत, हिशेबासाठी धरले आहेत. शंभर रुग्ण घ्या, त्यांत 40 जणांची गुठळी मोठी. चाचणी 28 पकडेल, 12 सुटतील. उरलेल्या 60 पैकी 21 जणांना ती उगाच 'मोठी' म्हणेल. एकूण 'मोठी' म्हटलेले 49, त्यांत खरे 28. निम्म्याहून थोडे जास्त. एवढ्या भरवशावर मी कोणाच्या मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढवणारं औषध चढवणार नाही, विशेषतः दहा मिनिटांत अँजिओ मला प्रत्यक्ष गुठळी दाखवणार असताना.

बाकीच्या तपासण्या झटपट. प्लेटलेटचा सरासरी आकार, एमपीव्ही: मोठी प्लेटलेट जास्त आक्रमक असते हे ठीक, पण जांभळ्या टोपणाच्या नळीत नमुना पडून राहिला की प्लेटलेट फुगतात, म्हणजे आकडा रुग्णाइतकाच लॅबच्या वॉर्डबॉयवरही अवलंबून असतो. फायब्रिनोजेन आणि सीआरपी शरीरात कुठेही दाह झाला तरी वाढतात. ट्रोपोनिन स्नायू किती मेला ते सांगतं, गुठळी किती मोठी ते नाही. पहाटे पाचला दुखायला लागलं आणि सहाला तपासलं तर ते अजून वर चढलेलंही नसेल.

एका चाचणीकडे मात्र मी आशेने पाहतो. तिकाग्रेलोर आणि क्लोपिडोग्रेल या प्लेटलेटना आवरणाऱ्या दोन गोळ्यांची तुलना करणाऱ्या 'प्लेटो' या मोठ्या अभ्यासातल्या 4,354 रुग्णांच्या साठवलेल्या प्लाझ्मातून ब्रिटनमधल्या शेफील्डच्या गटाने प्रयोगशाळेत गुठळी घडवली आणि ती विरघळायला किती वेळ लागतो ते मोजलं. 2018 साली निष्कर्ष आले. ज्यांची गुठळी उशिरा विरघळली, त्यांच्यात पुढे हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. इथे प्रश्नच बदलला आहे. 'गुठळी किती मोठी?' हे न विचारता 'या माणसाचं रक्त कशा जातीची गुठळी विणतं?' हे विचारलं आहे. काहींची वीण सैल, मच्छरदाणीसारखी, काहींची गोणपाटासारखी घट्ट. हा रक्ताचा स्वभाव आहे आणि तो हाताच्या रक्तातून कळू शकतो. फक्त ही चाचणी आज तुमच्या गावातच काय, माझ्याही रुग्णालयात होत नाही.

आता समजा, उद्या एक अचूक चाचणी निघाली. ॲम्ब्युलन्समध्येच कळलं की गुठळी मोठी आहे. मग काय करायचं? इथे आमची बिरादरी फार वेळा तोंडावर आपटली आहे. गुठळी नळीने ओढून काढायची ही कल्पना इतकी सरळ की चूक असेल असं कोणाला वाटलंच नाही. 2008 मध्ये नेदरलँड्सच्या टॅपास चाचणीने आशा दाखवली. मी स्वतः तेव्हा जवळजवळ प्रत्येक रुग्णात ओढत होतो, आणि नळीतून बाहेर आलेली लालभडक गुठळी गाळणीवर ठेवून नातेवाइकांना दाखवण्यात एक समाधान होतं. मग 2013 मध्ये स्वीडनच्या टेस्ट चाचणीत 7,244 रुग्णांत मृत्यू कमी झाले नाहीत. 2015 च्या टोटल चाचणीत 10,732 रुग्ण होते. तिथेही फायदा दिसला नाही, उलट तीस दिवसांतला पक्षाघात 0.3 वरून 0.7 टक्क्यांवर गेला. आता सरसकट ओढणं बंद झालं आहे. भावासारख्या निवडक रुग्णात, जिथे प्रवाहच सुरू होत नाही, तिथे आम्ही अजूनही ओढतो, पण पूर्वीच्या उत्साहाने नाही.

स्टेंट उशिरा घालण्याचंही तसंच. 2016 साली डेन्मार्कच्या एका मोठ्या चाचणीत तो सरसकट पुढे ढकलून फायदा दिसला नाही. 2019 मध्ये ब्रिटनमध्ये वाहिनीतच थोडं अल्टेप्लेझ हे गुठळी विरघळवणारं औषध सोडून बघितलं, तेही व्यर्थ. तुमच्या भावाच्या डॉक्टरांनी स्टेंट दोन दिवस थांबवला, तो पाठ्यपुस्तकातला नियम म्हणून नव्हे. समोर गुठळीने भरलेली फुगीर वाहिनी दिसत होती, त्यात घाईने स्टेंट उघडला असता तर चुरा होऊन पुढच्या बारीक वाहिन्यांत गेला असता. माझ्या मते त्यांनी बरोबर केलं. आणि हा निर्णय त्यांनी डोळ्यांनी घेतला, डी-डायमर बघून नाही.

मग कशाने फरक पडला असता? पहाटे चार ते साडेनऊ. 2011 मध्ये पॅरिसच्या गटाने अटॅकमधल्या रुग्णांच्या ओढून काढलेल्या गुठळ्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. सरासरीने त्यांत सुमारे 56 टक्के फायब्रिन आणि 17 टक्के प्लेटलेट. वेळ जाईल तसं फायब्रिन वाढत गेलं, प्लेटलेट घटत गेल्या. सुरुवातीची गुठळी नुकत्याच लागलेल्या दह्यासारखी असते, चमचा लावला की मोडते. काही तासांनी ती फडक्यात टांगलेल्या चक्क्यासारखी होते. ही नुसती उपमा नाही. प्लेटलेट खरोखरच धागे आवळून गुठळीतलं पाणी पिळून काढतात. म्हणूनच विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत जे करतं ते सहाव्या तासाला करू शकत नाही.

भारतातल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांची क्रिएट नोंदवही 2008 साली प्रसिद्ध झाली. दुखणं सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यम वेळ त्यात 360 मिनिटं होता. सहा तास. तुमचा भाऊ साडेपाच तासांत पोचला, म्हणजे त्या नोंदवहीच्या हिशेबाने मध्यम वेळेपेक्षा किंचित लवकरच. यात घरच्यांना दोष द्यायचा नाही. पहाटे छातीत जळजळलं तर जेलुसिल आणि सोडा सगळ्याच घरांत आधी निघतो. आणि पहाटेची वेळही योगायोग नसावी. गुठळी विरघळू न देणारं पीएआय-1 नावाचं प्रथिन सकाळच्या सुमाराला रक्तात सर्वांत जास्त असतं.

आता तुमच्याबद्दल. तुम्हाला आज छातीत दुखत नाही. मग डी-डायमर करू नका, एनएलआर काढू नका. 'हार्ट प्रोफाइल' नावाखाली विकल्या जाणाऱ्या मोठ्या पॅकेजमध्ये ही नावं असतील, तरी नको. आज आलेला आकडा सहा महिन्यांनंतरच्या गुठळीबद्दल काही सांगत नाही, फक्त झोप उडवतो. होमोसिस्टीनही अशा पॅकेजचा मानकरी. आपल्याकडे शाकाहारी लोकांत बी-12 कमी, त्यामुळे होमोसिस्टीन वाढलेलं बऱ्याचदा सापडतं. बी-12 कमी असेल तर नसा आणि रक्तासाठी ते भरून काढा. पण होमोसिस्टीन उतरवल्याने अटॅक टळतो असं 2006 च्या दोन मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही.

एक तपासणी मात्र आयुष्यात एकदा करा: लायपोप्रोटीन-ए. सख्ख्या भावाला 44 व्या वर्षी अटॅक आला आहे म्हणून ती तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची. हा कण कोलेस्टेरॉल वाहून नेतो, आणि त्याचा एक भाग प्लाझ्मिनोजेनसारखाच, म्हणजे गुठळी कापणाऱ्या प्लाझ्मिनच्या मूळ रूपासारखाच, दिसतो. तो बहुतांशी आनुवंशिक असतो, आहाराने फारसा हलत नाही. डेसिलिटरमागे 50 मिलिग्रॅमच्या वर आला तर तो कमी करायला आज सहज मिळणारं औषध नाही, पण मग एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि रक्तदाब यांना आपण जास्त कडक वागणूक देतो. म्हणजे या आकड्याने निर्णय बदलतो. बाकी लिपिड, एचबीए1सी, रक्तदाब, ईसीजी हे आहेच. सिगारेट ओढत असाल तर ती वरच्या कुठल्याही तपासणीपेक्षा मोठी गोष्ट आहे. तरुण वयात नुसत्या गुठळीनेच वाहिनी बंद झालेले जे रुग्ण मी पाहतो, त्यांच्या खिशात बहुतेक वेळा पाकीट असतं.

भावासाठी आता डी-डायमर पुन्हा पुन्हा करू नका. 44 व्या वर्षी एवढी गुठळी झाली म्हणून डॉक्टर हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटचे आकडे पुन्हा नीट बघतील. फार वर असतील तर रक्त घट्ट करणाऱ्या आजारांचा शोध घेतील, आणि पूर्वी पायात गुठळी झाली असेल तर रक्तात गुठळ्या करवणाऱ्या फॉस्फोलिपिडविरुद्धच्या प्रतिपिंडांचाही. ॲस्पिरिन आणि सोबतची दुसरी गोळी कोणाच्याही सांगण्यावरून थांबवायची नाही, अगदी दात काढायचा असला तरी आधी आम्हाला फोन करायचा. पुढच्या भेटीला जाताना अँजिओची सीडी सोबत न्या आणि वाहिनी फुगीर आहे तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती दिवस, हे स्पष्ट विचारा. त्या बाबतीत आम्हा डॉक्टरांतच एकमत नाही, आणि तुमच्या भावाचं पोट, वय, रक्तस्रावाचा इतिहास बघूनच ते ठरेल.